दशरथ प्यायला नव्हता

मी एक जुनं सीटी स्कॅन मशीन आहे. माणसाला न चिरता त्याच्या आतलं दाखवायचं, हे माझं काम. मित्रांनो, बोरीवलीच्या एका इस्पितळात माझी नऊ वर्षं थाटात गेली. आल्या दिवशी मला हार घातला होता, पेढे वाटले होते. मग नवं मशीन आलं आणि माझी रवानगी कांदिवलीच्या शवागारात झाली. इथे कुणाला 'श्वास रोखा' म्हणून सांगावं लागत नाही.

गेल्या मे महिन्यात दशरथला माझ्यासमोर आणलं. मालाडच्या एका मासळीच्या शीतगृहात तो हमाल होता आणि सकाळी तिथेच उघडाबंब पडलेला सापडला होता. मुकादम हर्षद पोलिसांना बिनदिक्कत सांगत होता, "पिऊन टाईट होता साहेब! कपडेपण काढून फेकलेले. मुंबईत थंडीने कोण मरतं?" दाराची आतली मूठ वर्षभर तुटलेली होती, हे मात्र त्याने गिळून टाकलं.

दशरथची बायको रत्नप्रभा आणि लेक निधी बाहेर बसल्या होत्या. अकरा वर्षांपूर्वी त्याने गावच्या देवासमोर दारू सोडली होती. रत्नप्रभा कडाडली, "देवाची शपथ मोडल्यान मेल्यान! माका त्याचा तोंड बघूचा नाय."

माझं काम दहा मिनिटांत झालं. फुप्फुसं स्वच्छ, मूत्राशय तुडुंब, कमरेच्या खोल स्नायूंत रक्त साकळलेलं. डॉक्टर वसुधा पडद्याकडे बघत पुटपुटल्या, "हा गारठून गेलाय." पण रक्ताची तपासणी आल्याशिवाय त्यांना तसं लिहून देता येईना. मला तोंड असतं तर मी तिथेच बोंब ठोकली असती.

तपासणी यायला तीन महिने लागले. रत्नप्रभा अहवाल न्यायला आली, तेव्हा वसुधाबाईंनी तिला खुर्चीत बसवलं.

"ताई, रक्तात दारूचा थेंब नव्हता. थंडीने जीव जाताना कधीकधी माणसाला अंग भाजल्यासारखं वाटतं. म्हणून कपडे काढले त्यांनी."

रत्नप्रभाने अहवालाची घडी घातली. मग म्हणाली, "निधी त्यांच्या तोंडात पाणी घालूक गेली होती, बाई. मीच तिचो हात धरलंय."

मित्रांनो, मला पुसू नका, माझ्यावर खुशाल धूळ बसू दे. मेलेल्याला आपली बाजू मांडता येत नाही आणि माझं कुणी वेळेवर ऐकत नाही. खरं कळेपर्यंत मेलेल्याच्या नावाने बोटं मोडू नका. त्याला पाणी तेवढं घाला.