मांजरांचं फिरतं घर

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. कधीकाळी माझ्यात डोळे तपासायचा दवाखाना होता. आता एक माणूस आणि दोन मांजरं राहतात. हे कसं झालं ते सांगते. सांगताना माझा आवाज सपाट वाटला तर राग मानू नका. त्या वर्षी आमच्यातलं काहीतरी बधिर झालं, ते अजून पुरतं ताळ्यावर आलेलं नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या अंगावर एक भला मोठा डोळा रंगवला होता. लहान मुलं त्याला भिऊन आईच्या मागे लपायची. माझा ड्रायव्हर अबोल होता, आणि आत काम करणारी नर्स दोघांच्या वाटचं बोलायची. "आजोबा, अक्षरं पाठ करून येऊ नका, दिसतंय तेवढंच सांगा," असं ती दटावायची आणि रांगेतली माणसं हसायची. पुढे त्या दोघांचं लग्न झालं. ते ठरलं माझ्याच पुढच्या सीटवर.

मग नवी गाडी आली. मला शेडच्या मागे उभं केलं. चाकांतली हवा गेली, आरशामागे चिमण्यांनी घर केलं. माझी आठवण कोणी काढली नाही. काढली ती या दोघांनीच. ते मला घरी घेऊन आले. ड्रायव्हरने तपासणीची खुर्ची काढून तिथे पलंग ठोकला, एक शेगडी बसवली. बायकोने पडदे शिवले. नोकरी संपली की मांजरांना घेऊन हिंडायचं, असा त्यांचा बेत होता.

मांजरं तिची होती. करड्या, जाड बोक्याचं नाव साहेब, कारण तो तपासणीला आल्यासारखा चालायचा. दुसरी ठिपकी. नाकावर काळा ठिपका, आणि झाकण पडलं तरी पलंगाखाली पसार. "आधी यांना गाडीची सवय लावू," असं बायको म्हणायची. ते राहून गेलं. ती आजारी पडली, दवाखान्यात गेली आणि परत आली नाही. तिला नेलं तेही दुसऱ्याच गाडीने.

ड्रायव्हर रडला नाही. तो माझ्यात येऊन बसायचा, स्टिअरिंग धरायचा, पण किल्ली लावायचा नाही. मलाही काही वाटत नव्हतं. बॅटरी उतरली की हॉर्न दाबला तरी आवाज येत नाही, तसं.

नोकरी संपली होती, त्यामुळे नोकरीतून मिळालेलं घर सोडायचं होतं. त्याची धाकटी बहीण सामान बांधायला आली. दादाने आपल्याकडे राहावं, मांजरं मात्र कोणाला तरी देऊन टाकावीत, असं तिचं म्हणणं होतं. त्यावर तो "बरं" म्हणाला. त्या दिवसांत तो सगळ्यालाच "बरं" म्हणायचा. बहिणीने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी ठिपकीला हातात घेतलं. तिच्या पाठीची हाडं लागत होती. ड्रायव्हरची बायको गेल्यापासून ती नीट जेवलीच नव्हती. "ही नव्या माणसांत टिकेल असं मला वाटत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ड्रायव्हरने ठिपकीला आपल्याकडे घेतलं. मग म्हणाला, "मी घेऊन जातो यांना. गाडीतून."

दुसऱ्याच दिवशी त्याने दोघांना टोपल्यांत कोंबलं आणि मला चालू केलं. मित्रांनो, तो प्रवास मी विसरणार नाही. ठिपकी किंचाळत होती. साहेबाने ओकून टोपली घाण केली. चौकाच्या पुढे ड्रायव्हरने मला थांबवलं, टोपली पुसायला माझं दार आणि टोपलीचं झाकण उघडलं, तसा साहेब निसटला आणि रस्त्यावर धावला. एक ट्रक जोरात ब्रेक मारून थांबला. साहेब माझ्या चाकामागे सापडला, थरथरत. ड्रायव्हरने त्याला शर्टात गुंडाळलं आणि आम्ही घरी परतलो.

त्याने डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी सांगितलं ते सोपं होतं, फक्त त्याला सवड लागणार होती. मांजरांना न्यायचं नाही, येऊ द्यायचं.

म्हणून माझं दार अंगणात उघडं राहू लागलं. जेवणाच्या वाट्या आधी पायरीपाशी, मग पायरीवर, मग आत आल्या. वाळूचा ट्रे एका कोपऱ्यात कायमचा बसला. ड्रायव्हरने बायकोचा न धुतलेला स्वेटर कपाटातून काढला. तो त्याने पलंगावर पसरला. साहेब सगळीकडे तपासणी करून तिथेच झोपला. ठिपकी कितीतरी दिवस दारातूनच वास घेत राहिली. एका दुपारी ती आत आली, स्वेटरच्या बाहीत तोंड खुपसून पडून राहिली, आणि उठल्यावर वाटी चाटून पुसून साफ केली.

मग इंजिन नुसतं चालू करून बंद करायचं. मग अंगणातच मागे-पुढे. मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग बाजारापर्यंत. चालत्या गाडीत टोपल्या पट्ट्याने बांधलेल्या असायच्या, आणि जेवण मुक्कामाला पोचल्यावरच. गल्लीतले लोक म्हणायचे, ड्रायव्हर मांजरांना भाजी आणायला नेतो. बहिणीला वाटलं, दादाचं डोकं फिरलं. तरी तिने मांजरांच्या छातीला बांधायचे पट्टे शिवून दिले.

घर सोडायच्या दिवशी त्याने बहिणीला सांगितलं, "तुझ्याकडे येईन, पण वाटेत थांबत थांबत."

पहिला मुक्काम एका तळ्याकाठी झाला. ड्रायव्हरने मांजरांना पट्टे बांधले, दार उघडलं आणि तो पायरीवर बसला. साहेब गवतात उतरला. ठिपकी उंबऱ्यावर थांबली. पाणी, वारा, अनोळखी वास. तिचे कान मागे गेले. ड्रायव्हरने दोरी ओढली नाही. ती बाहेर बघत राहिली, मग वळली, आत गेली आणि पलंगावर चढून अंग चाटू लागली. भ्यालेलं मांजर अंग चाटत बसत नाही.

"आली घरी," ड्रायव्हर हळूच म्हणाला. मग त्याने तोंड ओंजळीत झाकलं आणि तो रडला. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच. माझी पायरी हलत होती, एवढंच मला कळत होतं.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणी पलंगाखाली लपून बसलं असेल. मांजर असेल, माणूस असेल. त्याला ओढून काढू नका. दार उघडं ठेवा, वाटी जवळ ठेवा आणि पायरीवर बसून राहा.