परान्नाचा नेम

आमच्या कॉलेजात मी उद्योजकता शिकवते. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी जोडीने एखादा छोटा व्यवसाय खरोखर चालवून दाखवायचा असतो. बहुतेक जण दिवाळीच्या पणत्या रंगवतात, आयांच्या मैत्रिणी त्या घेतात, अहवाल लिहून होतो आणि व्यवसाय मिटतो. त्यात कोणाचं काही बिघडत नाही. मेहरुन आणि शालूने मात्र परीक्षेपुरतं काही मांडलं नव्हतं. दोघींना कॉलेज संपल्यावरही तेच करायचं होतं.

मेहरुनच्या वडिलांचं, शमशुद्दीनभाईंचं, शनिवार पेठेत घड्याळदुरुस्तीचं दुकान. शालू वारज्याची, तिच्या घरची शेतं केव्हाच इमारतींखाली गेली. उपवासाचे पदार्थ करून विकावेत ही कल्पना शालूची आणि हात मेहरुनचा. बटाट्याचा कीस उन्हाळ्यातच वाळवून ठेवायचा, मागणी येईल तसा तुपात तळून चिवडा करायचा, जोडीला राजगिऱ्याचे लाडू. शमशुद्दीनभाईंनी दुकानावरचा पोटमाळा रिकामा करून दिला. तिथल्या कढया नव्या, डबे नवे. कांदा-लसूणसुद्धा त्या जिन्याने वर गेला नाही.

"मॅडम, आमच्या देवघरात पाळत नाहीत एवढं ही इथं पाळते," शालू मला म्हणाली. "मला चपला खाली रस्त्यावर काढायला लावते."

"तुझ्या चपला बघून लाडूंचा उपास मोडेल," मेहरुन कढईतून मान वर न करता म्हणाली.

मी चतुर्थीला तो चिवडा खाऊन पाहिला आणि मग आमच्या भजनी मंडळात शालूचा नंबर दिला. नारायण पेठेतल्या देवळाच्या सभागृहात आमचं मंडळ जमतं. मुक्ताबाई प्रमुख. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, त्यामुळे अजूनही त्या बोलल्या की बाकीच्या पेन शोधतात. त्यांनाच कीस आवडला म्हटल्यावर प्रश्नच नव्हता. बायकांनी जावांना सांगितलं, जावांनी विहिणींना. ज्येष्ठ संपेपर्यंत दोघींचा बराचसा माल या मंडळाच्याच ओळखीत जाऊ लागला.

वर्गात मी नेहमी सांगते, माल करणाऱ्याने एकदा तरी गिऱ्हाइकासमोर उभं राहावं. म्हणून आषाढी एकादशीच्या आधी पाकिटं घेऊन शालूऐवजी मेहरुन आली.

"तू नवीन दिसतेस. नाव काय गं?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"मेहरुन."

"यात तू काय करतेस?"

"तळते मी, आजी. लाडूही मीच वळते. शालू ऑर्डरी बघते." तिच्या आवाजात अभिमान होता.

"छान. हात चांगला आहे तुझा. बस जरा पंख्याखाली, घामाघूम झालीयेस."

कोणी वावगा शब्द बोललं नाही. सगळी पाकिटं गेली. मेहरुन मला म्हणाली, "किती चांगल्या आहेत हो सगळ्या."

एकादशीला भजन झाल्यावर चातुर्मासाचे नेम घ्यायची आमच्याकडे पद्धत आहे. कोणी वांगं सोडतं, कोणी चहा सोडतं. मुक्ताबाई उठल्या आणि म्हणाल्या, "या वर्षी मंडळाने मिळून एकच नेम घ्यावा असं माझ्या मनात आहे. परान्न नको. दुसऱ्याच्या हातचं काही खायचं नाही, जे खायचं ते आपल्या घरचं. कार्तिकीपर्यंत."

बायकांनी एकेक करून तळहातावर पाणी घेतलं आणि ताम्हनात सोडलं. माझ्यापुढे ताम्हन आलं तेव्हा मी ते पुढे सरकवलं. सगळ्या निघाल्यावर मी मुक्ताबाईंपाशी गेले.

"मुक्ताबाई, नेम देवासाठी असतो," मी म्हटलं.

"देवालाच सांगितलाय. तुम्हाला कुठे सांगितला?" त्या म्हणाल्या आणि छत्री शोधू लागल्या.

गिऱ्हाईक महाग म्हणालं तर काय बोलावं, उशीर झाला म्हणून रागावलं तर काय बोलावं, हे मी मुलांना शिकवते. नेमाला काय उत्तर द्यायचं ते कुठल्या पुस्तकात नाही. माझे स्वतःचे नेम मी कोणाच्या सांगण्यावरून मोडलेले नाहीत. दुसरीला तिचा मोड असं कुठल्या तोंडाने सांगणार होते मी?

मेहरुनने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे चिवड्यात काही चूक नाही ना?"

"नाही गं."

"आणि नेम कार्तिकीला सुटेल?"

"सुटतो," मी म्हटलं. रीत तशीच आहे.

"मग झालं तर." तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "रोजे असले की मीसुद्धा कोणाचं ऐकत नाही, मॅडम. आपण थांबू."

थांबायचं म्हणजे नेमके उपवासाचेच महिने हातातून जाऊ द्यायचे. श्रावणातले सोमवार गेले. मंडळाच्या ओळखीतली घरं एकेक करून बंद झाली; दोन-तीन दुसऱ्या मंडळांनीही हाच नेम घेतल्याचं कानावर आलं. शालूने वारज्यात टेबल टाकून पाहिलं. तिची आजी बायडाबाई तिथं येऊन उभी राहिली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "उपासाला रताळं उकडावं, दाणं खावं. ह्ये तळल्यालं इकत घ्यायला उपास हाय का लगीन हाय?" त्या दिवशी टेबल लवकरच आवरलं.

गणपतीत मेहरुनला येरवड्याच्या एका कॉल सेंटरमध्ये नोकरी चालून आली. तिने कळवलं, आत्ता जमणार नाही. मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण पोटमाळा भाड्याने मागत होता; शमशुद्दीनभाईंनी त्याला परत पाठवलं. मी घड्याळाचा सेल बदलायच्या निमित्ताने दुकानात गेले, तेव्हा त्यांनी डोळ्याचं भिंग काढून मला बसायला स्टूल दिलं.

"पोरगी म्हणते, कार्तिकीपर्यंत थांबा अब्बा. थांबलोय," ते म्हणाले. "नेमधर्माच्या बायका आहेत त्या. चार महिने जीभ आवरतात म्हणजे शब्दाच्याही पक्क्या असणार."

मी घड्याळ हातात घेऊन उगीच काटे बघत राहिले.

नवरात्रात मंडळातल्या श्यामलाकडे मी ओटी भरायला गेले. तिने बशीत बटाट्याचा चिवडा दिला. चव ओळखीची नव्हती. ओट्यावर पाकीट पडलं होतं, एका मोठ्या कंपनीचं.

"श्यामला, परान्नाचा नेम आहे ना तुझा?"

"हे परान्न नाही हो," ती म्हणाली. "हे मशीनचं. हात लागत नाही कोणाचा."

मला पुढे खावंसं वाटेना. तरी मी बशी रिकामी केली, कारण देवीसमोरचं अन्न टाकायचं नसतं.

त्यानंतर मेहरुनला हे सांगावं म्हणून मी पोटमाळ्याकडे गेले. जिन्यातच तुपाचा वास आला. ती कार्तिकीसाठी नवा कीस तळून बघत होती आणि शालूला सांगत होती की एवढ्या महिन्यांनी खातील, पहिला घास चुकायला नको. मी वर गेले, तिने हातावर ठेवलेला कीस खाल्ला, छान झालाय म्हटलं आणि उतरले. घरी येऊन देवापुढे बसले. रोज जे मागते तेही त्या दिवशी मागता आलं नाही. नेमाच्या आत काय असतं ते दिसल्यावर हात जोडणं जड जातं.

कार्तिकी द्वादशीला नेम सुटला. सभागृहात आवळीपूजनाची गडबड होती. दोघी जणी टोपली घेऊन आल्या. मेहरुनने नवी ओढणी घेतली होती. बायका पाकिटांकडे बघत, हसत, "वा वा, आलात का" म्हणत आणि पुढे जात. कोणी पर्स उघडली नाही. मुक्ताबाईंनी शालूला खांबाजवळ बोलावलं. आवाज खाली होता, पण मी आणि मेहरुन दोघीही तिथंच होतो.

"शालू, तू वारज्याला तुमच्या स्वतःच्या घरी करत असशील तर माझं पाव किलो धर. बाकीच्या घरांनाही मी सांगेन."

"आजी, मला तळता येत नाही."

"शिकशील. त्यात काय एवढं?"

"शिकायचं तर मेहरुनकडेच शिकावं लागेल. मग तो चिवडा चालेल?"

मुक्ताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "उलट बोलणं छान शिकवता हो तुमच्या कॉलेजात," त्या म्हणाल्या आणि आरतीला गेल्या.

रस्त्यावर आलो. शालू रडत होती. मेहरुनने टोपली तिच्याकडे दिली आणि म्हणाली, "तू करायला हरकत नाही. मी शिकवते तुला, खरंच."

"गप्प बस," शालू म्हणाली.

मग मेहरुन माझ्या बाजूला आली.

"मॅडम, अब्बांना मी सांगणार आहे की मंडळाने नेम वाढवला. वर्षभराचा केला म्हणून. तुम्हाला विचारलं तर तुम्हीही तेच सांगा."

"खोटं सांगू?"

"त्यांना त्या बायकांचं फार कौतुक आहे," ती म्हणाली. "ते तरी राहू दे."

मी हो म्हटलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते, माझ्या शेजारी बसले होते. गृहस्थ मनमिळाऊ. दोघींचा अहवाल त्यांनी चाळला, पोटमाळ्याचे फोटो बघून मान डोलावली.

"स्वच्छता उत्तम. उत्पादन उत्तम. मग बंद का केलंत?"

शालूने मान खाली घातली. मेहरुन सरळ बसली होती.

"मागणी हंगामी होती, सर," ती म्हणाली. "आम्ही एकाच ग्राहकवर्गावर अवलंबून राहिलो."

"अगदी बरोबर. हे कळणं महत्त्वाचं." त्यांनी माझ्याकडे वळून हळूच म्हटलं, "चांगलं शिकवलंय तुम्ही." मग तिला विचारलं, "आता पुढे काय?"

"येरवड्याला नोकरी धरली आहे, सर. सोमवारपासून. पोटमाळा भाड्याने दिला."

"छान, छान. मॅडम, तुम्हाला काही विचारायचंय?"

मेहरुनने माझ्याकडे पाहिलं. अहवालात हंगामाचा तक्ता होता, श्रावण ते कार्तिक, प्रत्येक महिन्यापुढे शून्य. शून्यांच्या खाली तिने सुबक रेघ मारली होती.

"नाही," मी म्हटलं.

दोघी उठल्या, परीक्षकांना नमस्कार करून बाहेर गेल्या. परीक्षकांनी गुण भरले. पैकीच्या पैकी होते. मी त्याखाली सही केली आणि शिपायाला पुढची जोडी पाठवायला सांगितली. त्यांनी पणत्या रंगवल्या होत्या.