भिवाच्या खांद्यावरून

धरणाकाठच्या गावांत माझ्यासारखा पोहणारा नाय. पाण्यात कधी उतरलोच नाय, म्हणून कुणाला कळलं नाय, एवढंच.

भिवाची होडी दिसायच्या आधी ऐकू यायची. लांब बांबू तळाला टेकला की ढप, मग पाणी निथळायचं, मग पुन्हा ढप, जसं धरणच सावकाश चालत येतंय. सकाळचं ऊन त्याच्या उघड्या पाठीवर कांद्याच्या पापुद्र्यासारखं तांबूस चमकायचं. धरण भरलं तशी टेकडीवरची वस्ती बेट झाली, अन् मीठ, रॉकेल, शेळ्या, नव्या नवऱ्या, सगळं याच माणसाच्या अंगावरून तिकडं उतरायला लागलं. काठाला मांडीएवढा गाळ, होडी टेकत नाय. म्हणून भिवा आधी गोण्या खांद्यावर न्यायचा, मग बाया-पोरं, शेवटी आम्ही गडी.

त्याच खांद्यावरून मी भागीला बघायला गेलो होतो, नवा पांढरा शर्ट घालून. काठावर सगळी वस्ती उभी, अन् निम्म्यात भिवाचा खांदा खाली गेला. मी गाळात बसलो तो पार गळ्यापर्यंत. "पाय सरकला," म्हणाला, पण मिशीत हसला. भागी तर अशी हसली, की तिच्या बापानं काढलेला नारळ परत पिशवीत टाकला. पुढल्या उन्हाळ्यात ती भिवाच्याच घरात नांदायला गेली.

तेव्हापासून मी दुसरं काय पिकवलंच नाय. रोज झोपताना भिवाला गाळात घालायचो, उठल्यावर पुन्हा घालायचो. धरणाचं पाणी चढायचं, उतरायचं, माझा राग तेवढा बारा महिने काठोकाठ.

मोबाईल आले त्या सुमारास मिठाची गोणी घेऊन निघालो. गोणी उतरली, माझी पाळी आली. भिवाच्या मिशा पिकल्या होत्या, पाठ मात्र तीच. काठावर भागी धुणं आपटत होती. बघू दे म्हटलं तिलाबी. निम्म्यात पोचलो अन् त्याला पाडायला मी सगळा भार एका अंगाला टाकला.

भिवा जरासा थांबला. मला शेळीसारखं वर सारून म्हणाला, "गप बस रे सोमा. शेळ्याबी एवढं वळवळत नाय."

माझीच तंतरली. त्याच्या गळ्याला मिठी मारून, धुराच्या वासाच्या त्या केसांत तोंड खुपसून, मी कोरडाठाक काठावर उतरलो.

भागीनं धुणं थांबवलं नाय.

"उगा त्यांच्यावर दात खाऊ नको," ती म्हणाली. "तेव्हा मीच सांगितलं होतं, हे ध्यान गाळात टाका म्हणून."