चंद्रीचा मालक

मी एक हेल्मेट बोलतोय. हसू नका. उचगावात शांतव्वाच्या गोठ्यात खुंटीला टांगलेला, सरकी पेंडीचा वास मारणारा मी, या गोठ्यातल्या चंद्री म्हशीचा मालक आहे. पंचांनी चारचौघांत तसं ठरवलंय. कुणाला शंका असेल तर पिराजी वस्तादांना विचारून या.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यातला. कडक प्लॅस्टिकची पाठ, आत मऊ गादी, तोंडावर दोन लोखंडी सळ्या. लेरॉय नावाच्या उंच, काळ्यासावळ्या गड्याच्या डोक्यावर मी चढलो आणि सहा वर्षं उतरलो नाही. कोल्हापूरच्या पेठा ज्या फुटबॉलवर जीव टाकतात, तो हा खेळ नव्हे. तिकडे चेंडू लांबुळका असतो आणि तो हातात धरून पळतात. लेरॉय कॉर्नरबॅक होता. म्हणजे समोरच्या एका गड्याला चिकटायचं, त्याच्या कमरेवर नजर ठेवून उलटं पळायचं आणि त्याला चेंडू मिळू द्यायचा नाही. पगार त्याचाच.

मोठ्या अंतिम सामन्यात लेरॉयनं क्षणभर मान वळवून प्रेक्षकांकडे बघितलं. तेवढ्यात त्याचा गडी निसटला, आणि त्याला गाठायला वळताना लेरॉयचा गुडघाही निसटला. संघानं त्याला घरी पाठवलं. त्याला कोच व्हायचं होतं, पण ज्याची स्वतःची नजर हलली त्याला कोच कोण करणार? शेवटी तिकडच्या कुठल्याशा योजनेतून १९७१ साली त्याला कोंबडीपालन शिकवायला उचगावात धाडलं. त्याला कोंबडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यात भाड्याची खोली मिळाली ती शांतव्वाच्या घरात, जिथं अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही. योजना उंबऱ्यावरच संपली. गावानं त्याचं नाव रायाप्पा करून टाकलं आणि तो राहिला.

शांतव्वाचा नवरा बसाप्पा त्याच वर्षी वारला. मागं राहिली एक म्हैस, चंद्री. तिच्या दुधावर घर चालायचं. धाकटा दीर बसलिंगाप्पा म्हणाला, "म्हैस आमच्या भावाची. वैनीचा काय संबंध?" तंटा गावच्या पंचांकडे, म्हणजे तालमीच्या पिराजी वस्तादांकडे गेला. वस्तादांनी मिशीला पीळ देत सांगितलं, "दिवाळी पाडव्याला चंद्री ज्याच्या मागनं पळंल, त्याची म्हैस. इषय संपला."

आमच्याकडे पाडव्याला म्हशींची शिंगं रंगवतात, मोरपिसं बांधतात, आणि मालक हाळी घालत पुढं पळतो, म्हैस त्याच्या मागं. चंद्री फक्त बसाप्पाच्या मागं पळायची. शांतव्वाला ती धारेपुरती ओळखत होती.

रायाप्पाच्या अंगात कोच संचारला. म्हणाला, "अव्वा, म्हशीला न्हाय, तुला शिकवणार." रोज सकाळी माळावर शांतव्वा नऊवारीचा काष्टा आवळून उलटी पळायची.

"नजर कमरेवर," तो ओरडायचा.

"आरं, म्हशीला कंबर कुठली?" ती धापा टाकत विचारायची.

मग तो स्वतः मला डोक्यावर चढवून चंद्रीपुढं उलटा पळून दाखवायचा, आणि चंद्री दुडक्या चालीनं त्याच्या मागं यायची. बघ, बघ, म्हणून तो छाती फुगवायचा.

आता खरं सांगतो. घमेलं फुटल्यापासून शांतव्वा रायाप्पाच्या नकळत चंद्रीला पेंड माझ्यातच चारत होती. म्हैस येत होती ती वासामागं. मला सगळं ठाऊक होतं, पण हेल्मेटला तोंड असून उपयोग काय? त्यातनं दुसऱ्यानंच बघायचं.

पाडवा उजाडला. बसलिंगाप्पानं कुणाची तरी फटफटी आणलेली, ती फाडफाड वाजवत तो हाळी घालू लागला. शांतव्वा उलटी पळत साद घालू लागली. चंद्री मधोमध उभी राहून रवंथ करू लागली. गाव हसत होतं. शांतव्वाचे डोळे भरले, पण चंद्रीवरून हलले नाहीत.

तेवढ्यात चंद्रीनं मला बघितलं. कोच म्हणून रायाप्पा मला घालून गर्दीच्या कडेला उभा होता ना! शेपूट वर करून ती सुटली ती थेट आमच्यावर. जुन्या सवयीनं रायाप्पा उलटा पळू लागला. मागं लोक बोंबलत होते, पण त्यानं मान वळवली नाही. मला त्याचा इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! शांतव्वापर्यंत पोचला आणि गुडघ्यानं दगा दिला. पडता पडता त्यानं मला उपसून तिच्या डोक्यावर दाबलं. पदर, काष्टा आणि वर लोखंडी सळ्या अशी शांतव्वा चावडीपर्यंत उलटी पळाली, चंद्री तिच्या मागं.

"ह्ये चालणार न्हाय," बसलिंगाप्पा तणतणला. "म्हैस वैनीच्या मागनं न्हाय, टोपीच्या मागनं पळाली."

वस्तादांनी पुन्हा मिशीला पीळ दिला. "व्हय, खरं हाय तुझं. मग म्हैस टोपीची. टोपी ऱ्हाईल तिथं म्हैस ऱ्हाईल."

न्याय झाला म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या.

महिन्याभरात अमेरिकेहून पत्र आलं. एका कॉलेजानं रायाप्पाला कोच म्हणून बोलावलं होतं. त्यानं ट्रंक भरली, सगळ्यात वर मला ठेवलं. घरी जायचं म्हणून मी हरखून गेलो होतो. दारात बसलिंगाप्पा दावं घेऊन हजर. "टोपी चालली काय? मग म्हैस बिनमालकाची झाली की."

रायाप्पानं ट्रंक उघडली. मला काढून गोठ्यातल्या खुंटीला अडकवलं.

"आणि तुझं डोस्कं रं?" शांतव्वानं विचारलं.

"डोस्क्याला काय होत न्हाय, अव्वा. मी आता कोच हाय."

मला फार वाईट वाटलं. रागही आला. पण तो निघाला तेव्हा त्यानं आमच्याकडे पाठ केली नाही. हातात ट्रंक घेऊन, लंगडत, उलटा चालत तो फाट्यापर्यंत गेला. वाटेत एका सायकलवाल्यावर आदळला, तरी नजर माझ्यावरच.

त्याला आता बारा वर्षं झाली. माझी गादी चंद्रीनं चाटून संपवली. ती म्हातारी झालीय, तिची रेडकं माझ्या मालकीची आहेत. दर पाडव्याला बसलिंगाप्पा येऊन मी जागेवर आहे का बघून जातो. तेव्हा पावणं, गंमत म्हणून मला खुंटीवरून उचलू नका, एका बाईचं घर माझ्यावर टांगलंय. आणि पेंड घालून झाली की मला परत अडकवताना शांतव्वा अडकवते तसंच अडकवा, तोंड फाट्याकडे करून.