म्हशीच्या वाटणीची भाकरी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी अधोली आहे. अधोली म्हणजे अर्ध्या पायलीचं माप. पूर्वी धान्य आणि पीठ मोजायला घरोघरी आमच्यासारखी मापं असायची. तुम्ही आजोळी एखादी अडगळीत पडलेली पाहिली असेल. मी मात्र अजून अडगळीत गेलेले नाही. बीड जिल्ह्यात, तलवाड्याजवळच्या एका लहान गावात, तुळजाबाईंच्या पिठाच्या डब्यात मी राहते. एवढ्या वयात कामात आहे, याचा मला अभिमान वाटायला हवा. पण तुमच्यासमोर बोलताना मला आधी लाजच वाटते. माझं ऐकून घेतलंत तर का ते कळेल.

निजामाचं राज्य जाऊन चार-दोन वर्षं झाली होती, तेव्हा गेवराईच्या एका लोहाराने मला घडवलं. जाड पत्रा वाकवला, काठाला पट्टी ठोकली, तळ बसवला. मग अंगावर सरकारी छाप उमटला आणि मी गावच्या सोसायटीच्या धान्य दुकानात रुजू झाले. तिथे मापाड्याने माझ्या काठावरून हात फिरवून धान्य सपाट केलं की गिऱ्हाईक हिरमुसायचं. त्याने काठावर निमुळता ढीग करून शीग लावून दिली की तेच गिऱ्हाईक हसत घरी जायचं. भरलेल्या मापालाच मान असतो, असं मी तेव्हापासून धरून चालले. रिकामी असले की मला चोरट्यासारखं वाटायचं.

पुढे किलोची वजनं आली आणि सोसायटीत मला कुणी विचारेना. तेव्हा आप्पाराव नावाचे पंच मला घरी घेऊन आले. त्यांच्या घरी रोजचं पीठ माझ्याच मापाने निघू लागलं. तुळजाबाई या आप्पारावांच्या थोरल्या सूनबाई. त्या लग्न होऊन आल्या आणि मागोमाग बहात्तरचा दुष्काळ आला.

त्या वर्षी माझा तळ उघडा पडायचा. सासूबाई रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीचं पीठ बोटाने निपटून काढायच्या. तुळजाबाई दिवसभर खडी फोडून यायच्या आणि दुष्काळी कामावर खायला मिळालेली सुकडी पदरात बांधून धाकट्या दिरासाठी आणायच्या. एका संध्याकाळी तो दीर ताटावर बसून म्हणाला, "वैनी, अजून हाय का?" टोपल्यात काहीच नव्हतं. तुळजाबाई उठून माझ्यापाशी आल्या, मला उगाच हलवून पाहिलं आणि म्हणाल्या, "एकदा पानी पडू दे. मग ही अधोली मी कधी उणी भरायची न्हाई."

त्यांनी शब्द पाळला. कॅनॉलचं पाणी आलं, ऊस आला. सहकारी कारखान्याची सभासदांची साखर दिवाळीला पोत्याने घरात येऊ लागली. गावात दूध संस्था निघाली. सासू, सासरे, दीर, मुलं, गडी, पाहुणे, सगळे मिळून घर भरलेलं असायचं आणि मी रोज शिगोशीग भरलेली असायचे. भाकरी उरल्या तर सकाळी म्हशीपुढे जायच्या. खाणारी तोंडं भरपूर होती, म्हणून किती केलं आणि किती उरलं याकडे कुणी पाहत नव्हतं. मीही तोऱ्यात होते.

मग हळूहळू माणसं कमी झाली. सासू-सासरे गेले. दीर वेगळा निघाला. थोरला मुलगा भारत पुण्याला कंपनीत लागला, धाकटाही शहरात गेला. घरात तुळजाबाई आणि त्यांचे मालक रामकिसन, अशी दोनच माणसं राहिली. पण मित्रांनो, माझी शीग काही उतरली नाही. तुळजाबाईंचा हात डब्यात जायचा आणि मला होती तशी भरून बाहेर काढायचा. दोन माणसांच्या घरात दहा जणांचं पीठ मळलं जात होतं, आणि ते पीठ माझ्याच पोटातून निघत होतं.

तरीही फारसं बिघडलं नव्हतं, कारण दावणीला चांदरी होती. चांदरी म्हणजे आमची कपाळावर पांढरा ठिपका असलेली म्हैस. उरलेलं सगळं ती खायची. पण पुन्हा दुष्काळ आला. विहीर आटली, चारा संपला आणि तलवाड्याच्या रस्त्याला जनावरांची छावणी उघडली. रामकिसन चांदरीला घेऊन छावणीवर राहायला गेले. त्यांचा डबा सकाळी तुळजाबाईच नेऊन द्यायच्या. घरी तुळजाबाई एकट्या, आणि टोपल्यात भाकऱ्यांची चळत.

आता उरलेल्या भाकरीचं काय करायचं? दुष्काळात अन्न उकिरड्यावर टाकायला त्यांचा हात धजेना. ज्या बाईने पदरात सुकडी बांधून आणली, ती भाकरी कशी फेकणार? म्हणून त्या स्वतः खायच्या. सकाळी शिळी भाकरी साखरेच्या चहात बुडवून, दुपारी कुस्करून त्यावर तेल-चटणी घालून, आणि संध्याकाळी ताज्याच्या आधी शिळं संपवायचं म्हणून. भुकेने असं नाही, टोपलं रिकामं करायचं म्हणून. गावाची जनावरं वाळत होती, माणसं वाळत होती आणि तुळजाबाईंचं अंग मात्र वाढत चाललं.

लोकांची तोंडं कोण धरणार? टँकरपाशी कुणीतरी म्हणालं, "दुष्काळ तुळजाबाईचं दार चुकवून गेला वाटतं." सगळे हसले. तेव्हापासून त्या टँकरवर सगळ्यांच्या शेवटी जाऊ लागल्या, पदर ओढून, अंग चोरून. आपण गावाच्या वाटणीचं खातो आहोत असा चेहरा करून त्या घरात वावरायच्या. खरं तर तो चेहरा माझा असायला हवा होता.

थट्टा त्यांनी सोसली असती. पण गुडघे बोलायला लागले. चांदरी मोठी हट्टी. तुळजाबाईंचा हात लागल्याशिवाय ती पान्हा सोडायची नाही. रामकिसन धारेला बसले की लाथ झाडायची. म्हणून तुळजाबाई सकाळ-संध्याकाळ चालत छावणीवर जायच्या. ते चालणं आता होईना. सकाळी दूध संस्थेचा टेम्पोवाला त्यांना नेऊन सोडायचा, पण संध्याकाळची धार बुडू लागली. दूध कमी होत गेलं. एकदा रामकिसन घरी आले तेव्हा चुलीपाशी बसून म्हणाले, "तुळजे, संध्याकाळची धार गेलीच. आता सकाळची बी आटली तर म्हैस इकावी लागंल. छावनीत येपारी रोजच फिरत्यात."

"इकू नका हो," तुळजाबाई म्हणाल्या. "मी येते. काय बी करून येते."

त्या गेवराईच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. डॉक्टरांनी सांगितलं, "मावशी, वजन उतरलं तर गुडघे ऐकतील. पण उपासतापास नको, रोजचं जेवण बदला." तुळजाबाईंनी पहिलं ऐकलं आणि दुसरं सोडून दिलं. सोमवार, मंगळवार, गुरुवार, चतुर्थी, सगळं धरलं. उपासाला साबुदाणा, शेंगदाण्याचा कूट, साखर घातलेलं दूध. दुसऱ्या दिवशी उपास सोडताना आदल्या दिवशीचं उरलेलंही संपवायचं. दोन-चार दिवस हलकं वाटायचं, मग पुन्हा जैसे थे. त्यांना वाटे, आपल्याच मनाचा दुबळेपणा. त्या देवीसमोर हात जोडून माफी मागायच्या. मी डब्यात बसून ऐकायचे आणि माझा जीव कानकोंडा व्हायचा.

चैत्रातल्या एका मंगळवारी केशरबाई मागल्या दाराने आत आल्या. केशरबाई शेजारच्याच. दूध संस्थेत दूध मोजून घ्यायचं काम त्या करतात. त्या आल्या तेव्हा तुळजाबाई चहात भाकरी बुडवून खात होत्या आणि मी बाजूला पिठाने भरलेली होते.

"का गं, आज तुझा मंगळवार न्हाई?"

"हाय की. येवढं शिळं संपवते, मग धरते."

केशरबाईंनी टोपल्यावरचं फडकं उचललं. "आगं बाई! येवढ्या भाकरी? कोन येनार हाय?"

"कुनी न्हाई. पयलं उरलेलं चांदरी खायाची. आता ती हितं न्हाई. दुष्काळात टाकायला जीव व्हत न्हाई मला."

"म्हंजी म्हशीच्या वाटणीचं तू खाती व्हय?"

केशरबाई खळखळून हसल्या. तुळजाबाईही हसल्या, आणि हसता हसताच त्यांनी डोळ्याला पदर लावला. केशरबाई खाली बसल्या.

"पीठ कमी घे की, बाई."

"घेतलतं. दोनदा घेतलतं. पर अर्धी अधोली भरली ना, की वाटतं लेकरं आता येतच न्हाईत. उद्या भारत उपाशी दारात हुबा राह्यला तर?"

"तर थापू की परत! पीठ काय पळून चाललंय? आन् आला न्हाई त्या लेकराचं तू कावून खाती?"

तुळजाबाईंनी चहाचा कप बाजूला सरकवला. मी तिथेच बसले होते, वर शीग घेऊन. जन्मभर मिरवलेली ती शीग त्या दिवशी मला नकोशी झाली.

केशरबाईंनी मला डब्यात रिकामं केलं, बोटाला चुना लावला आणि माझ्या आतल्या अंगाला निम्म्याच्याही खाली एक रेघ ओढली. "ह्याच्या वर जायचं न्हाई. पाव्हणं आलं तरच."

त्यानंतर जे झालं त्यात जादू काही नव्हती. दोघांना पुरेल एवढंच पीठ मळायचं, म्हणजे शिळं उरतच नसे. त्यांच्या ताटात ज्वारीची दीड भाकरी, आणि कोरड्यास, म्हणजे भाजी, मात्र वाटीभर नाही, चांगलं ताटभर. टँकरच्या गळतीवर उगवलेला तांदुळजा, शेवग्याच्या शेंगा, मोड आलेली मटकी, हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, कच्चा कांदा. तेलाची पळी बदलून चमचा आला. चहातली साखर एकदम न तोडता थोडीथोडी कमी केली. दुपारी पोटात खड्डा पडला की ताक किंवा मूठभर फुटाणे. मोडलेले उपास मात्र त्यांना सतावायचे. "देवी रागावंल का गं?" त्या विचारायच्या. केशरबाई म्हणायच्या, "चांदरी इकली तर जास्त रागावंल."

कधी पाय घसरायचा. एका लग्नात त्यांनी बुंदीवर चांगलाच हात मारला आणि दुसऱ्या दिवशी पाप केल्यासारखं काहीच न खाता बसल्या. केशरबाईंनी ओरडून जेवायला बसवलं. एका दिवसाची बुंदी दुसऱ्या दिवशी उपाशी राहून फिटत नाही, रोजचं पुन्हा रोजच्यासारखं खायचं, एवढंच त्यांनी सांगितलं.

वजन मुंगीच्या पावलाने उतरलं. आधी कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग लुगड्याला दोन निऱ्या जास्त पडू लागल्या. मग त्या छावणीवरून येताना अर्धी वाट चालून येऊ लागल्या. पावसाच्या तोंडावर, रोहिण्या लागायच्या सुमारास एका संध्याकाळी त्या न सांगताच चालत छावणीवर पोचल्या. मी काही घराबाहेर जात नाही, हे सगळं रामकिसन घरी आल्यावर सांगत होते ते ऐकलेलं. चांदरीने दुरूनच ओळखलं, हंबरली आणि धारेला बसल्याबरोबर पान्हा सोडला. "येपाऱ्याला म्हनलं, जा बे, आता दुसरी दावण बघ," असं म्हणून रामकिसन पोट धरून हसले.

पाऊस पडला, छावणी मोडली, चांदरी घरी आली. गोष्ट इथे संपावी असं मला वाटत होतं. पण दावणीला म्हैस दिसताच तुळजाबाईंचा हात पुन्हा चुन्याच्या रेघेच्या वर जाऊ लागला. "उरलं तर चांदरी हाय की," त्या पुटपुटायच्या. आणि मित्रांनो, मला बरं वाटायचं. भरलं की बरं वाटतं, ही माझी जातच आहे. म्हणूनच मी स्वतःला माफ करू शकत नाही.

दिवाळीला भारत आणि धाकटा बायका-मुलांसह आले. चार दिवस मी शिगोशीग होते. घरात हसणं-खिदळणं होतं. नातवंडं भाकरीच्या कडा काढून टाकायची, एक घास खाऊन ताट सरकवायची. तुळजाबाई मोरीपाशी उभ्या राहून सगळ्यांच्या ताटातलं उरलेलं तोंडात टाकत होत्या. दावणीला म्हैस होती, तरीही.

भारतने ते पाहिलं. "आई, लेकरांचं उष्टं कावून खातीस? म्हशीला टाक की."

"तुमचं कोन खायाचं मग?" त्या सहज म्हणाल्या. "तू शाळंत जाताना अर्धी भाकर टाकून पळायचास. ती मीच खायाची. सवय हाय मला."

भारतने मुलांना हाका मारल्या आणि आपापलं ताट संपवायला पुन्हा बसवलं.

दिवाळी संपली, मोटारी गेल्या. त्या संध्याकाळी तुळजाबाईंनी मला डब्यात बुडवलं आणि वर शीग घेऊन बाहेर काढलं. परातीवर मला उपडं करणार, तोच हात थांबला. घर शांत होतं. त्यांनी एक मूठ पीठ डब्यात परत टाकलं. मग दुसरी. प्रत्येक मुठीला त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. रेघेपाशी पीठ आलं तेव्हा त्या थांबल्या आणि चूल पेटवली.

थोड्या दिवसांनी भारतचा फोन आला. त्या म्हणाल्या, "संक्रांतीला येनार असलास तर आदल्या दिशी सांग. न सांगता आलास तरी गरम थापून घालीन. पर तू यायच्या आधी तुझी भाकर करून ठेवीत न्हाई मी आता."

मित्रांनो, मी लोखंडाची आहे. मला माफी मागता येत नाही, तेव्हा निदान एवढं तुम्हाला सांगते. ताटात भुकेपुरतंच घ्या आणि घेतलेलं संपवा. जेवायला घरी येणार नसाल तर आधी कळवा. तुम्ही टाकलेली भाकरी म्हशीला जाते असं तुम्हाला वाटतं. आज जेवण झाल्यावर एकदा मोरीपाशी जाऊन बघा, तुमची आई तिथे उभी राहून काय खाते आहे.