चुलीवरचा डफ

आंबागडची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा होती आणि रुखमिणीच्या घरात सकाळपासून सोयऱ्यांची खेटाखेट. जेवून एकेक पाहुणा मैदानाकडे पांगला, तरी ती चुलीपुढे उडदाचे वडे तळतच होती. कान मात्र शाळेकडे लागले होते. तिथे दुपारची दंडार, सोंगांचा नाच-तमाशा, उभी राहायची होती आणि डफावर होता तिचा नवरा सुखराम, दारू सुटल्यापासून पहिल्यांदाच.

सुखरामसारखा डफ आसपासच्या गावांत कोणी वाजवत नसे, हे खरं. प्यायल्याशिवाय त्यानं तो कधी वाजवला नव्हता, हेही तितकंच खरं. भंडाऱ्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात त्याला नेलं, तेव्हा रुखमिणीनं डफ माळ्यावर फेकला होता. तिथल्या मनाली मॅडमनी तो मागवून घेतला. मॅडमचं काम व्यवसायोपचाराचं. रुखमिणीला वाटलं, आता ह्याला एखादा धंदा लावून देतील. पण बाई निराळ्याच निघाल्या. उठल्यापासून निजेपर्यंत माणूस काय काय करतो आणि त्यातल्या कोणत्या कामाला दारू चिकटलेली आहे, हे त्या खणून काढायच्या. मग तेच काम दारूवाचून पुन्हा शिकवायच्या. बोटं थरथरत असतानाच त्यांनी सुखरामच्या हाती डफ दिला. हात रिकामा ठेवला तर तो बाटलीच शोधतो, असं त्या म्हणायच्या. रुखमिणीला काही ते पटलं नाही. तिच्या लेखी डफ म्हणजे दारूचाच थोरला भाऊ.

मॅडमनी तिलाही एक गोष्ट बजावली होती. रोज संध्याकाळी नवऱ्याचं तोंड हुंगायचं नाही. तेवढं तिला जमलं नाही. पाणी द्यायच्या निमित्तानं ती जवळ जायची आणि ते त्याला बरोबर कळायचं.

मंडईचा बेत तिघांनी बसून ठरवला होता. आधी पोटभर जेवायचं, सोंगं रंगवतात तिथे थांबायचं नाही, दंडार संपली की थेट घर. रुखमिणीनं मॅडमसमोरच सांगून टाकलं होतं, की पुन्हा प्यायला तर ती लाखांदूरला माहेरी जाईल ती कायमची. एक गोष्ट मात्र राहून गेली. सुखरामला ती सांगण्यासारखी वाटली नव्हती आणि मॅडमना ती माहीतच नव्हती.

आज आभाळ भरून आलं होतं. दमट हवेत डफाचं कातडं ढिलं पडतं आणि शेकल्याशिवाय बोलत नाही. शेकोटी पेटते शाळेमागे, आणि तिच्याभोवती मोहाच्या दारूची बाटली फिरते.

हे आठवलं तशी रुखमिणीनं कढई खाली उतरवली आणि पदर खोचून निघाली.

शेकोटीभोवती अर्धी तोंडं रंगवलेले गडी बसले होते. बाटली शाहीर भय्याजीच्या हातात होती. सुखराम नव्हता. आला होता, पण डफ काखोटीला मारून तलावाकडे गेला, असं भय्याजीनं हसत सांगितलं. तलावाच्या पाळीवर, त्या बांधावर काय विकत मिळतं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

"वैनी, मंडई हाय आज," भय्याजी म्हणाला. "एक घोट घेतला तं काय आभाळ कोसळते?"

त्याच्या रंगवलेल्या तोंडात जळतं लाकूड कोंबावं असं तिला वाटलं. पण रागापेक्षा भीतीच मोठी होती. ती पाळीवर धावली. तिथेही तो नव्हता. कोणाला विचारायची तिची हिंमत झाली नाही. पिऊन पुढे गेला असणार, दुसरं काय!

ती पुढच्या दारानं घरात शिरली, दोरीवरचे कपडे पिशवीत कोंबले आणि बाहेर ओट्यावर बसलेल्या भावाला, मनीषला, मोटारसायकल काढायला सांगितलं. त्यानं तिचं तोंड पाहिलं आणि उठला. रडू येत नव्हतं, ह्याचाच तिला जास्त धसका बसला होता.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून एक थाप ऐकू आली. बसकी, ओली थाप.

सुखराम तिच्या चुलीपुढे उकिडवा बसला होता. निखाऱ्यांवर डफ धरून हळूहळू फिरवत होता. शेकोटीपुढून पुन्हा जायला नको म्हणून तलावाच्या वाटेनं, लांबचा वळसा घालून तो मागच्या दारानं आला होता. तिच्या खांद्यावरची पिशवी त्यानं पाहिली आणि डफ निखाऱ्यांवरून बाजूला घेतला.

"तिथं शेकाले बसलो असतो तं पेलो असतो," तो म्हणाला. "मॅडमले हे शेकोटीचं सांगाचं राहूनच गेलं."

मग त्यानं आपणहून तोंड पुढे केलं. "हुंग. मले राग नाही येत."

ती वाकली. अगदी जवळ गेली, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. तिनं श्वास घेतलाच नाही. पिशवी खाली टाकली, एक वाळकं लाकूड चुलीत सारलं आणि फुंकणी उचलली.

"आच कमी हाय," ती म्हणाली. "असा कुठं तपते का डफ?"

जाळ झाला. सुखरामनं पुन्हा थाप मारली. बाहेर मोटारसायकल धडधडत होती.

"बंद कर रे ते, मनीष," रुखमिणीनं हाक दिली. "डफ आयकू येऊन नाही राहिला."