वाकड्या गाडीची चौकशी

आरोप

जुन्या गाड्यांचा धंदा करणारा माणूस दुसऱ्याच्या गाडीवर उगाच हात फिरवत नाही.

आमचे भावजी, म्हणजे माझा धाकटा दीर, हाच धंदा करतात. जेवायला म्हणून आले आणि घरात शिरायच्या आधी आमच्या पिकअपशेजारी उकिडवे बसले. डाव्या चाकाच्या वर, टायर आणि पत्र्याच्या मधे, वीत घालून बघितली. मग उजवीकडे जाऊन तीच वीत. उठले, हात झटकले.

"वहिनी, गाडी डावीकडे बसलीय. पाटे गेलेत. टायर तर टकलासारखे झालेत. एकदा सगळं बदलून घेऊ, माझ्या ओळखीत."

माझ्या ओळखीत. हे दोन शब्द ऐकले की मी आधी पर्स चाचपते.

आम्ही काचवाले. दुकानात काच कापायची, गिऱ्हाइकाकडे नेऊन बसवायची. गाडी सासूबाईंच्या नावावर आहे, चालवते मी. पूर्वी आम्ही नवराबायको दोघे जायचो. मग एक काच माझ्या नवऱ्याच्या उजव्या मनगटावर उतरली. जखम भरली, पण पकड गेली. तेव्हापासून ते दुकानात बसून मापं लिहितात, डाव्या हाताने चहा ढवळतात, आणि मी एकटी जाते. उद्या ही गाडी विकली गेली तर भाड्याचा टेम्पो येईल, त्याचा ड्रायव्हर काच नेईल आणि मी गल्ल्यामागे माशा मारत बसेन. मला बसायचं नाहीये.

म्हणून आरोप साधा आहे. विकायच्या आधी म्हशीला न्हाऊ घालतात. भावजी आमच्या गाडीला न्हाऊ घालायला निघालेत.

टायरची साक्ष

टायरच्या दुकानात रबराचा वास आणि दारातच रुंद, नक्षीदार टायरांची उतरंड. वर चाकांच्या काळ्या चकचकीत डिस्क टांगलेल्या.

"हे घ्या ताई," टायरवाली म्हणाली. "रुंद आहेत. खाली ठोकळे टाकून गाडी वीतभर उचलून देऊ. सिंहासारखी दिसेल."

"काच वाहते ती. सर्कशीत नाही जात."

मी बोलले तिच्याशी, बघत होते भावजींकडे. आता म्हणतील, घेऊन टाका वहिनी, गाडीला रुबाब येईल. रुबाब आला की गिऱ्हाईक येतं. पण भावजी माझ्या खांद्याच्या उंचीकडे बघत होते, का कोण जाणे.

"उंची आहे तेवढीच राहू दे," ते म्हणाले. "डिस्क साध्या लोखंडी. टायर मात्र ओझ्याचे द्या, जाड कडेचे. कड मऊ असली की वळणावर गाडी डोलते."

साधं. म्हणजे जेवढ्यास तेवढं. स्वतःसाठी घेणारा हौसेनं घेतो, विकण्यासाठी घेणारा बेतानं. मी मनात टिपून ठेवलं.

घरी नवऱ्याला सांगितलं तर ते म्हणाले, "आणि मोठे घेतले असते तर?"

"तर गिऱ्हाईक गाठायला सजवलं, असं म्हटलं असतं."

"म्हणजे माझा भाऊ काहीही करो, चोरच."

"चोर कुठे म्हटलं? विकणारा म्हटलं."

"साप साप म्हणून भुई धोपटू नकोस."

"अहो, धोपटल्याशिवाय तो बाहेर कसा येणार?"

ते हसले. त्यांचं बरं आहे. ज्याला गाडी चालवायचीच नाही, त्याला हसायला काय जातं, असं एक वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. ते मी गिळलं.

अर्धा फोन

मी कापायच्या टेबलाशी, दोन्ही हातांत आरशाची काच. अशी काच हातात असताना माणूस नुसता उभा असतो, त्याला खोकताही येत नाही. पलीकडे, फळ्यांच्या आडोशाला भावजी फोनवर. मला त्यांचं तेवढं ऐकू येत होतं.

"हो, पाटेच."

…

"नाही. दोन्ही बाजू सारख्या नकोत."

…

"उजवीकडे हलकं चालेल. तिकडे काय पडलंय."

…

"वहिनींना सांगू नकोस. दादाला तर मुळीच नाही."

मग आडोशातून बाहेर आले आणि चेहऱ्यावर साखर. "काय वहिनी, मोठी काच आहे, धरू का?"

"नको. माझी मी धरते."

पाट्यांची साक्ष

न सांगता गॅरेजवर गेले. न सांगता गेलेल्या माणसालाच खरं दिसतं.

गाडी लोखंडी घोड्यांवर उचललेली, मागची चाकं काढलेली, पोट उघडं. नवे टायर भिंतीला टेकवलेले, नवे शॉकअप अजून खोक्यात. आणि खाली फरशीवर पाटे. पाटे म्हणजे पोलादाच्या कमानदार पट्ट्या, एकावर एक रचून बांधलेल्या. मागचं सगळं ओझं त्यांच्या पाठीवर. डावीकडची चळत जाड, वर एक जादा पट्टी. उजवीकडची बारीक, अंग चोरून बसल्यासारखी.

"मिस्त्री, हे दोन वेगळे का?"

"ऑर्डर तशी आहे."

"कुणाची?"

"तुमच्या दिरांची."

"तुम्ही एका पायात बूट आणि एका पायात सपाता घालता का?"

मिस्त्रीने माझ्याकडे न बघता उत्तर दिलं, "एक पाय आखूड असता तर घातला असता."

मला हे उडवाउडवीचं उत्तर वाटलं. एक पाटा चांगला घालायचा, दुसरा भंगारातला. वरून सगळं नवं दिसणार, घेणारा फसणार, नाव आमचं बद्दू होणार. नाहीतर घेणाऱ्याआधी आम्हीच फसणार.

"दोन्ही सारखे घाला. जाड. माझ्यासमोर."

मिस्त्रीने हात पुसले, लांब जाऊन एक फोन केला, मान हलवली, परत आला. "घालतो. शॉकअप?"

"सगळं सारखं."

शेवटचा नट आवळेपर्यंत मी स्टुलावरून उठले नाही. गाडी खाली आली ती अशी सरळ की ओळंबा लावून बघावी. पहिल्यांदाच मला वाटलं, एक डाव मी जिंकले.

नवऱ्याची साक्ष (घेतली नाही)

ते दुकानाबाहेर आले, गाडीभोवती एक फेरी मारली, उजव्या बाजूच्या पत्र्यावर डावा हात ठेवून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "नव्यासारखी झाली की." ते त्याच बाजूला का थांबले, हे मी विचारलं नाही.

काचेची साक्ष

आमच्या गाडीच्या मागच्या हौद्यात मधोमध एक लाकडी घोडा आहे. तंबूसारखा, दोन उतारांचा. दोन्ही उतारांना लोकरीचा जाड नमदा ठोकलेला. त्यावर काच टेकवायची, पट्ट्याने आवळायची. डावा उतार माझा, उजवा नवऱ्याचा. काचवाल्यांत बाजू एकदा ठरली की ठरली. आपल्या बाजूने उचलायचं, आपल्याच बाजूला लावायचं. दुसऱ्याच्या बाजूला हात घातला की दोघांची लय बिघडते आणि लय बिघडली की रक्त.

त्या दिवशी एका कापडदुकानाची दर्शनी काच होती. डावीकडे लावली. आवळली. निघाले.

गाडी काय चालत होती. नवे टायर रस्ता धरून, खड्ड्यातून शॉकअप नुसते श्वास टाकल्यासारखे. मी चौकातून उजवीकडे वळले. वेगाने नाही, नेहमीसारखी. गाडी डावीकडे झुकली, झुकतच राहिली, आणि मागून आवाज आला.

टक्.

मोठा नाही. कुणीतरी नखाने दारावर वाजवावं तेवढा.

काचेचा कोपरा गेला की काच गेली. मी गाडी कडेला घेतली, उतरून मागे गेले आणि मागूनच बघत राहिले. नवे टायर, नवे शॉकअप, दोन्हीकडे जाड पाटे. आणि गाडी डावीकडे झुकलेली, पूर्वी झुकायची तशीच.

डाव्या उताराचा नमदा झिजून खालचं लाकूड दिसत होतं. उजव्या उताराचा नमदा नव्यासारखा, लवसुद्धा मोडलेली नाही. त्या बाजूच्या खिळ्याला त्यांचे हातमोजे टांगलेले. धुळीने राखाडी झालेले.

उजवीकडे काच लावू नकोस, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी कधी लावली नाही, एवढंच. सगळं ओझं एका बाजूला रचत आले, आणि पाटे गेले म्हणून पाट्यांना बोल लावला.

एक पाय आखूड असता तर.

उरलेला अर्धा फोन

भावजींच्या आवारात गाड्या ओळीने उभ्या असतात, काचांवर पांढऱ्या रंगात किमती रंगवलेल्या. ते एका गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून होते. मी म्हटलं, "त्या दिवशी फोनवर मिस्त्री काय म्हणत होता?"

डोकं बाहेर आलं. "ऐकलंत होय?"

"अर्धंच. उरलेलं तुम्ही सांगा."

त्यांनी सांगितलं. आता जोडून लिहिते.

मिस्त्री: पाटे बदलायचे ना?

"हो, पाटेच."

मिस्त्री: मग जोडीने टाकतो, दोन्ही जाड.

"नाही. दोन्ही बाजू सारख्या नकोत."

मिस्त्री: उजवीकडे काय टाकू?

"उजवीकडे हलकं चालेल. तिकडे काय पडलंय."

मिस्त्री: ओझं चढलं की सरळ दिसेल, पण रिकामी असताना उजवीकडे कलणार. मालकांना सांगून ठेवू का?

"वहिनींना सांगू नकोस. दादाला तर मुळीच नाही."

"का नाही सांगायचं?" मी विचारलं.

"काय सांगू दादाला? पाटे घेताना तुझी बाजू मोजलीच नाही, असं?"

मी बॉनेटच्या कडेला टेकले. 

"मग मिस्त्रीने गॅरेजवरून फोन केला तेव्हा मला अडवलं का नाही?"

"तुम्ही स्टूल टाकून बसला होतात म्हणे. तुम्हाला कोण अडवणार? म्हटलं, कर बाबा त्यांच्या मनासारखं."

"आणि गाडी विकायची नव्हती? माझ्या डोळ्यांत बघून सांगा."

त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं नाही, शेजारच्या गाडीच्या टायरकडे बघितलं. "मध्यंतरी एक गिऱ्हाईक होतं. तुम्ही एकट्या जायला लागलात, आईला धास्ती वाटायची. ती हो म्हणाली होती."

"गिऱ्हाईक आणलं कुणी?"

"मीच."

बघा. भुई धोपटली होती ती उगाच नाही.

"मग?"

"त्याने गाडी बघितली. डावीकडे बसलेली. म्हणाला, चासी वाकलीय, फुकट दिली तरी नको. मी त्याला समजवायला खाली वाकलो, चासी सरळ. मग वर हौद्यात चढलो आणि तो नमदा बघितला. तेव्हापासून विकण्यावरून माझं मन उडालं." ते धंद्यातलं हसू हसले. "आता काय, तुम्ही ती सरळ केलीत. आता कुणीही घेईल."

मी नाही हसले. "आणि मिस्त्रीकडे दिली होतीत तशी झाली असती तर?"

"तर ती फक्त तुमच्याच ओझ्याला सरळ राहिली असती. दुसऱ्या कुणाच्या हाती वाकडीच. वाकडी गाडी कोण घेतं?"

निकाल

"मिस्त्री, एक पाय आखूड आहे."

मिस्त्रीने या वेळी माझ्याकडे बघितलं. "डावा ठेवतो, उजवा बदलतो. रिकामी असताना विचित्र दिसेल. लोक विचारतील."

"विचारू देत."

लोकांचं मला काही नव्हतं, नवऱ्याचं होतं. घरी घेऊन आले आणि दुकानासमोर उभी केली, तेव्हा हात स्टिअरिंगवरून निघेनात. रिकामी गाडी उजवीकडे खांदा पाडून उभी होती. काचवाल्याला एवढं कळायला सांगावं लागत नाही.

ते बाहेर आले. पुढून बघितलं, मागून बघितलं. मग हौद्याच्या उजव्या बाजूला गेले, खिळ्यावरून हातमोजे काढले, मांडीवर आपटून धूळ झटकली आणि बगलेत धरले.

"भावाचं डोकं?" त्यांनी विचारलं.

"त्यांचं. मी आधी मोडता घातला होता."

"तू घालणारच." त्यांनी रिकामा खिळा चाचपला. "या खिळ्याला आता काय अडकवणार?"

"पुट्टीचा डबा."

"डबा जड असतो."

"छोटा घेऊ. उजवीकडे हलकं चालतं."

ते हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. आत जाऊन त्या कापडदुकानाचं माप पुन्हा काढू लागले. हातमोजे दोन दिवस टेबलावर होते. मग त्यातला डावा त्यांनी घातला आणि काच कापताना मला पट्टी धरून द्यायला लागले.

दुसरी काच नीट पोचली. चौकात मी मुद्दाम दोनदा वळले.

भावजी पुढच्या खेपेला जेवायला आले तेव्हा गाडी भरून उभी होती. पुन्हा उकिडवे बसले, पुन्हा वीत. डावीकडे, उजवीकडे. "आता बरोबर," म्हणाले आणि उठले. मी त्यांच्यासमोर हात पसरला.

"काय?"

"गाडीची दुसरी किल्ली. तुमच्याकडे आहे ती."

"वहिनी, अजून विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे. तुमच्या धंद्यावर नाही."

त्यांनी उघड्या दारातून आत दादाकडे बघितलं. दादा ताट वाढून घेण्यात गुंग होता. मग त्यांनी खिशातून जुडगा काढला, त्यातल्या पन्नास किल्ल्यांतून आमची शोधली आणि माझ्या हातावर ठेवली.

मी ती तिथल्या तिथे गाडीच्या दाराला लावून बघितली. लागली.